बाराव्या दिवशीचा गठ्ठा

८ फेब्रुवारी

मावशी,

परवा फोनवर तू नुसतं "हं, हं" म्हणत होतीस, त्यावरून ओळखलं की तुला काही ऐकू आलेलं नाही. बाइंडिंगखान्यात एकतीस वर्षं घडीच्या मशीनशेजारी काढलीस, तिने तुझे कान नेले. आणि ओरडून सांगायचं तर माझ्या पोटात सध्या तेवढा जोर नाही. म्हणून पत्र.

मुलगी झाली. दोन तारखेला सकाळी. एकोणीस तास कळा सोसल्या आणि शेवटी ऑपरेशनच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके उतरतायत, आता थांबण्यात अर्थ नाही. मी पडद्याच्या अलीकडे होते. दुखत नव्हतं, पण कुणीतरी माझ्या पोटात कपाटाचा खण आवरतंय असं वाटत होतं, नुसती खेचाखेच. मग रडणं ऐकू आलं आणि खरं सांगते, मला वाटलं शेजारच्या खोलीतलं असेल.

काल घरी आले. अंथरुणातून उठायचं कसं ते नर्सने शिकवलंय. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपरावर भार देऊन उठायचं. खोकला आला की उशी पोटाशी धरायची. हसायचं तर मुळीच नाही, आणि तुझा जावई नेमका बाळाला काचेचा ट्रे असल्यासारखा दोन हातांवर आडवा धरून चालतो. टाक्यांच्या खाली चार बोटं जागा बधिर आहे. हात लावला तर दुसऱ्याच्याच अंगाला लावल्यासारखं वाटतं. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही अशी ताकीद आहे.

सासूबाई सगळं करतात. बोलतात मात्र त्यांच्या पद्धतीने. काल म्हणाल्या, "पोट कापून मूल काढलं, त्याला बाळंत होणं म्हणत नाहीत." त्यांची पाचही मुलं घरी झाली, त्यांना तो अधिकार असेल. पण लागलं मला. कारण मनातून मलाही तसंच वाटतंय. सगळ्या बायका एक जिना चढून गेल्या आणि मला तेवढी लिफ्टने वर नेली.

तू येणार होतीस. युनियनच्या सभेची कामं निघाली, समजते मी. इथे पडल्यापडल्या तुझं ते भाषण आठवत असते. "पोटाला टाके, घरी तान्हं मूल, आणि बाराव्या दिवशी मी गठ्ठा उचलून मशीनवर उभी होते." दरवर्षी सगळ्यात आधी टाळी मी वाजवायची, आठवतंय ना? आज माझा सातवा दिवस आहे. अजून पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलते.

तुझी,
मुंगी


११ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला, कारण टेबलावर आपटला असता तर फुटला असता.

बाळंत होणं कशाला म्हणतात हे ठरवणाऱ्या तुझ्या सासूबाई कोण? एका जिवाच्या पोटातून दुसरा जीव बाहेर आला आणि दोघी श्वास घेतायत, याला बाळंत होणं म्हणतात. बाकी सगळा तपशील. वाट कुठली घेतली हे विचारणारे तेच लोक असतात ज्यांना स्वतःला कधी चालावं लागत नाही, किंवा ज्यांना आपल्या चालण्याचं फार कौतुक असतं. बाईच्या दुखण्याची मोजपट्टी जगाने नेहमी दुसऱ्याच्या हातात दिली. कधी नवऱ्याच्या, कधी मालकाच्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या बाईच्या. मी पुस्तकं बांधता बांधता जेवढी वाचली, त्यांत राजांच्या लढायांच्या जखमा पानापानावर आहेत. पोटाचे थरावर थर कापून घेऊन तिसऱ्या दिवशी मूल अंगावर पाजणाऱ्या बाईची जखम एकाही पानावर नाही. म्हणून ती जखम नव्हे काय?

तू लिफ्टने गेली नाहीस. एकोणीस तास जिना चढलीस आणि वरच्या पायरीवर भिंत होती, ती फोडून तुला आत घेतलं. हे तोंडावर सांग त्यांना. तुला जमत नसेल तर मी सांगते, मला आवाज चढवायला शिकवावं लागत नाही.

आणि लोळत पडू नकोस. अंगाला अंथरुणाची गोडी लागली की ते उठायचं नाव घेत नाही. बाइंडिंगखान्यांत मला तोफ म्हणतात, तू त्या तोफेची भाची आहेस. बाराव्या दिवशी मी उभी होते. तूही राहशील. मग बघू कोण काय म्हणतं ते.

सभेमुळे अडकले आहे. मुलीला माझा आशीर्वाद.

मावशी


२० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र बरोबर तेरा तारखेला आलं, म्हणजे माझ्या बाराव्या दिवशीच. तीनदा वाचलं. मी उठले त्या दिवशी. सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या, तेवढ्यात बाळाचे कपडे धुतले आणि बादली उचलून गॅलरीत नेऊन वाळत घातले. सासूबाई आल्या आणि बघतच राहिल्या.

बाकी ठीक. बाळ दूध पिते, झोपते, पुन्हा पिते. नाक तुझ्यावर गेलंय, म्हणजे रागावलेलं.

काल आमच्या बाइंडिंगखान्याचा सुपरवायझर घरी येऊन गेला. शाळेच्या पुस्तकांची मोठी ऑर्डर आलीय, घडी घातलेले फर्मे शिवायला हात कमी पडतायत. मी म्हटलं, माझी रजा सोळा आठवड्यांची आहे. तो म्हणाला, "आहेच की, नाही कोण म्हणतंय. पण तुमच्या मावशी बाराव्या दिवशी उभ्या होत्या, त्याच सांगतात दरवर्षी. मी तर सहा आठवडे म्हणतोय." मग मी सोळा मार्चला येते म्हटलं. तुझं नाव घेतल्यावर नाही म्हणवेना.

पेन सापडत नाही म्हणून पेन्सिलीने लिहितेय. अक्षराकडे बघू नकोस.

मुंगी


२३ फेब्रुवारी

मुंगे,

मला शेंडी लावू नकोस. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं उमटलेली नाहीत, म्हणजे तू टेबलावर टेकून लिहिलेलं नाहीस. ओळी वर चढत गेल्यात. उताण्या माणसाचं पेन चालत नाही, शाई मागे पळते, म्हणून तो पेन्सिल घेतो. दवाखान्यात पडलेल्या कितीतरी कामगारांची अशी पत्रं मी वाचलीत. तू झोपून लिहिलंस. ज्या बाईने आठवड्यापूर्वी बादली उचलली ती आज बसू का शकत नाही?

काय झालंय ते लिही. तुझ्या सासूबाईंनी तुला कामाला जुंपलंय का? तसं असेल तर स्पष्ट सांग, सभा गेली चुलीत, मी पहिल्या गाडीने निघते. पाच बाळंतपणं काढली म्हणून दुसऱ्या बाईच्या छातीवर बसायचा परवाना मिळत नाही.

आणि त्या सुपरवायझरला कळव की सोळा आठवडे म्हणजे सोळा. ती रजा कुणी ताटात वाढलेली नाही. तिच्यासाठी आम्ही अकरा दिवस गेटवर उन्हात बसलो होतो. त्याने माझं नाव घेतलं हे वाचून मी पत्र दोनदा खाली ठेवलं. माझंच वाक्य घेऊन माझ्याच भाचीला. असो. त्याचं नंतर बघते.

आधी खरं लिही.

मावशी


२७ फेब्रुवारी

मावशी,

चुकलं. लिहिते सगळं.

बादली भरलेली होती, ओल्या कपड्यांची. उचलली तेव्हा पोटात काहीतरी तटकन गेलं, पण मला वाटलं असंच असतं. दुसऱ्या दिवशी साडी ओली लागली. पंधराला ताप भरला. टाक्यांचा उजवा कोपरा उघडला होता आणि आत पू धरला होता. पुन्हा ॲडमिट केलं, तीन दिवस. आता ती जागा शिवत नाहीत, उघडीच ठेवतात. आतून भरून यायला हवी म्हणे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नशीब की आतले टाके धरून आहेत. खड्ड्यात अंगठ्याचं पहिलं पेर जाईल. रोज जुनी पट्टी ओढून काढायची, धुवायचं, नवी भरायची. त्या वेळी मी टॉवेल दातांत धरते.

हे सगळं करतं कोण, माहितेय? सासूबाई. नर्स यायची तर तिची वेळ ठरलेली नसते, म्हणून दवाखान्यात उभ्या राहून शिकून आल्या. चष्म्याची काडी तुटलीय, दोऱ्याने कानाला बांधतात आणि वाकून बसतात. मी कण्हले की म्हणतात, "ओरड हवं तेवढं, मला काय, शेजारी कान देतील."

आणि मावशी, पहिल्या पत्रात मी त्यांचं अर्धंच वाक्य लिहिलं. मला तेवढंच लागलं होतं, म्हणून तेवढंच लिहिलं. त्या म्हणाल्या होत्या, "पोट कापून मूल काढलं, त्याला बाळंत होणं म्हणत नाहीत, ऑपरेशन म्हणतात. मी पाच वेळा बाळंत झाले आणि दहाव्या दिवशी पाणी भरलं. तुझं ऑपरेशन झालंय. ऑपरेशनचा माणूस पाणी भरतो का? मुकाट्याने पड." तू त्यांना जे काही बोललीस ते सगळं माझ्यामुळे. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्या तुझ्याबद्दल विचारतात, बाई एकटी राहते, वेळेवर जेवते का.

सोळा मार्चला मी जाणारच आहे. शब्द दिलाय. अजून पंधरा-सतरा दिवस आहेत, तोवर भरेल. फर्मे शिवण्याचं काम बसून आहे, पण गठ्ठे आपले आपल्यालाच आणावे लागतात, तुला ठाऊकच आहे. म्हणून एकच विचारायचं होतं. तू बाराव्या दिवशी गठ्ठा उचललास तो कसा उचललास? पोटाशी धरलास की मांडीवर घेऊन मग वर? श्वास आत घेऊन धरायचा की सोडायचा? पुढे तुझं मूल राहिलं नाही एवढंच मला माहीत आहे, त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. फक्त उचलण्याचं सांग. माझंच कुठेतरी चुकलं असणार, नाहीतर तुझं उघडलं नाही आणि माझं उघडलं असं कसं झालं?

मुंगी


३ मार्च

मुंगे,

तुझा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस मी या टेबलापाशी बसतेय आणि उठतेय. भाषण असतं तर केव्हाच झालं असतं.

उत्तर असं आहे की मी गठ्ठा उचलला नाही.

मी उभीही नव्हते. मला बसवली होती. पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे एका बुटक्या स्टुलावर, सुपरवायझरला दिसणार नाही अशी. खळ लावणारी एक बाई होती, कापणीवरची एक, आणि एक माझ्या शेजारची घडीवाली. तिघी मिळून माझ्या वाटणीचं काम करायच्या. माझे गठ्ठे त्या आणायच्या. सुपरवायझर फिरकला की घडीवाली मध्ये उभी राहून त्याच्याशी भांडण उकरून काढायची, तिला त्याची हौसच होती. असे चाळीस दिवस. माझ्या टाक्यांतूनही पाणी येत होतं, कापड चिकटायचं. तिघींपैकी आज एकही नाही. त्यांचं नाव मी एकाही सभेत घेतलेलं नाही. घेतलं असतं तर माझा गठ्ठा हलका झाला असता.

आता दुसरं. घरी तान्हं मूल नव्हतं. ते पाचव्या दिवशी दवाखान्यातच गेलं. सातव्या दिवशी मी मोकळ्या हातांनी घरी आले. त्या काळी रजा होती ती मूल जगलं तर. मालकाचा माणूस दारात येऊन म्हणाला, "मूल नाही तर रजा कसली?" म्हणून मी बाराव्या दिवशी गेले. शौर्य वगैरे काही नव्हतं. बोलावलं आणि गेले. आणि घरात बसवतही नव्हतं.

तू विचारशील, हेच का सांगितलं नाहीस? हे तर जास्त मोठं भाषण झालं असतं. झालं असतं. त्या माणसाचं ते एक वाक्य सभेत फेकलं असतं तर रजेचा नियम दहा वर्षं आधी बदलला असता कदाचित. पण ते मला तोंडाने उच्चारता येत नव्हतं. पहिल्यांदा व्यासपीठावर चढले तेव्हा आमच्या त्या वेळच्या पुढाऱ्याने ओळख करून दिली, "ही बाई घरी तान्हं मूल ठेवून बाराव्या दिवशी मशीनवर उभी राहिली." त्याने कुणाकडून तरी अर्धवट ऐकलं होतं. टाळ्या पडल्या. मी माइक हातात घेतला, चूक दुरुस्त करायची म्हणूनच घेतला, आणि केली नाही. कारण त्या टाळ्या चालल्या होत्या तेवढा वेळ माझं मूल घरी होतं. झोपलेलं, माझी वाट बघणारं. मग मी दरवर्षी ते वाक्य म्हणायला लागले. वर्षातून एकदा, दोन मिनिटं. यात कुणाचं काय जातं, असं वाटायचं.

तुझं गेलं. अंगठ्याच्या पेराएवढं. आणखी किती जणींचं गेलं, कोण जाणे. तू पत्रात सासूबाईंचं अर्धं वाक्य लिहिलंस त्यावर मी आग ओकले, आणि मी स्वतः तीस वर्षं अर्धंच वाक्य सांगत फिरले. मालकाला आयती काठी कापून दिली आणि वर तिला युनियनचा झेंडा लावला.

तेव्हा तुझं काहीही चुकलेलं नाही. पोटाशी धरू नकोस, मांडीवर घेऊ नकोस, श्वास धरू नकोस, सोडू नकोस. उचलूच नकोस. सोळा मार्चला जायचं नाही. सोबत रजेच्या नियमाची नक्कल आहे, त्यावर युनियनचा शिक्का आहे, ती सुपरवायझरला दे.

येत्या रविवारी वार्षिक सभा आहे. हे सगळं तिथे सांगणार आहे. तुला आधी कळवलं, कारण टाळी वाजवणारी पहिली तू होतीस.

मावशी


१४ मार्च

मावशी,

दोन दिवस मला तुझा फार राग आला. लपवत नाही, लपवाछपवीचं काय होतं ते बघितलंय आपण. तू आधी सांगितलं असतंस तर मी बादलीला हात लावला नसता. हे आत्ता लिहून टाकते, म्हणजे मनात सडणार नाही.

सभेला आमच्या खात्यातली कापणीवाली आली होती, तिने सगळं सांगितलं. म्हणाली, तू नेहमीसारखी टेबलावर हात आपटून सुरुवात केली नाहीस, खुर्चीवर बसूनच बोललीस. मागच्या रांगांना ऐकू येईना. तिथून कुणी ओरडलं, "तोफेचा बार फुसका निघाला," आणि लोक हसले, आणि मग तू मुलाचं सांगितलंस. नंतर कुणी टाळी वाजवली नाही. आणि एक म्हातारी उठली, तुझ्या त्या तिघींतली नव्हे, आमच्या खात्यात पूर्वी खळ लावायची ती. म्हणाली, "तुमच्या जिवावर मी नवव्या दिवशी खळीचे डबे उचलले. माझं अंग बाहेर आलं ते अजून तसंच आहे. आता सांगताय होय?" तू फक्त "हो" म्हणालीस आणि मान खाली घातलीस.

सुपरवायझरला नक्कल दिली. त्याने सवयीने तुझं वाक्य काढलं. मी म्हटलं, "मावशी उभी नव्हती. तुमच्यासारखाच एक जण दारात आला होता, म्हणून गेली होती." कागद खिशात घालून गेला. मी सोळा आठवडे पुरे करणार आहे.

खड्डा भरत आलाय. अर्धं नख राहिलंय. आज स्वतः बसून, टेबलावर, पेनने लिहितेय, कागद उलटा करून बघ हवं तर.

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. तुला न विचारता वाचलं, पण ज्या बाईला तू एवढं बोललीस तिला तुझं हेही ऐकायचा हक्क होता. त्या पट्टी बदलत होत्या. पट्टी चिकटवून झाली, हात धुतले, चष्म्याचा दोरा सोडला आणि म्हणाल्या, "त्यांना विचार, मुलगी होती की मुलगा. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसेल."

म्हणून विचारते.

मुंगी


१७ मार्च

मुंगे,

मुलगी होती.

सासूबाईंना सांग, कुणीच विचारलं नव्हतं.

केस दाट होते आणि डाव्या हाताची मूठ ती उघडतच नव्हती. नाव ठेवायला वेळ मिळाला नाही. दवाखान्याच्या चिठ्ठीवर माझंच नाव होतं आणि पुढे "हिचं बाळ" एवढंच. आज चौतीस वर्षांची असती.

खळ लावणाऱ्या म्हातारीकडे काल जाऊन आले. दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. दवाखान्यात सोबत येते म्हटलं तर "बघू" म्हणाली. पुन्हा जाईन.

तुझ्याकडे यायला सभा आडवी आली नव्हती. त्या पाच दिवसांनंतर मी एकही तान्हं मूल हातात घेतलेलं नाही. तुझी आई गेली तेव्हा तू चालायला लागली होतीस, म्हणून तुला घेऊ शकले.

शनिवारच्या गाडीने येते. सासूबाईंना म्हणावं, मूल कसं धरायचं ते मी विसरले आहे. मला एका जागी बसवून दाखवाल का?

मावशी